अमेरिकेची लस-इजा भरपाई योजना: हेतू चांगला, कसोटी नोंदींची
१९८८ पासून चालणाऱ्या या योजनेत लस कंपनीची चूक सिद्ध करावी लागत नाही, हे तिचं मोठं बळ. अर्ज फेडरल क्लेम्स कोर्टात, पहिलं लक्षण दिसल्यापासून ३ वर्षांच्या आत. दावा हरला तरी वकिलाची फी मिळू शकते. मात्र तो प्रामाणिक आणि साधार हवा.

लस टोचल्याने होणाऱ्या खांद्याच्या इजेचंच घ्या. दुखणं लसीनंतर ४८ तासांत सुरू झालेलं हवं, त्याच खांद्यापुरतं हवं, त्या खांद्याला आधीचा त्रास नको आणि परिणाम साधारणपणे ६ महिन्यांहून जास्त टिकलेला हवा. दावे अडतात ते इथेच: माणूस दोन-दोन महिने अंगावर काढतो, मग केसपेपरवर ‘काही आठवड्यांपासून दुखतंय’ एवढंच येतं. पहिल्याच तपासणीत लसीची तारीख, कोणता हात, दुखणं कधी सुरू झालं हे लिहून घ्या. लसीच्या नोंदीतला हातही तपासा, डावा-उजवा चुकलेला असू शकतो.

वेदनांसाठीची अडीच लाख डॉलरची कमाल मर्यादा १९८६ च्या कायद्यातलीच, आज ती अपुरी आणि अन्यायकारक आहे. कोविड लसीचे दावे वेगळ्या योजनेत जातात. तिथे मुदत लस घेतल्यापासून फक्त १ वर्ष.