डिओर जादोर: चार बाटल्या आणि मे महिन्यातली मान

मागवली होती डिओर या फ्रेंच कंपनीच्या जादोर या सेंटची ‘ओ द परफ्युम’, हातात पडली ‘परफ्युम दो’. शब्द तेच, फक्त मागेपुढे, आणि आतला माल पूर्ण वेगळा. पहिली १९९९ पासून चालत आलेली, अल्कोहोलवाली, सोनेरी. दुसरी २०२२ची, अल्कोहोलचा थेंब नसलेली, पाण्यात बांधलेली, दुधट रंगाची. ज्या ऑनलाइन दुकानातून घेतली तिथली कस्टमर केअरची मुलगी म्हणाली, “मॅडम, दोन्ही सेमच आहे.” सेम आहे तर किमती दोन का लावल्यात, म्हटल्यावर तिने होल्डवर टाकलं. मग तिच्या वरचा कोणी साहेब आला. त्याने सांगितलं की तुमच्या पिनकोडला डिलिव्हरी आहे, पिकअप नाही, वस्तू स्वखर्चाने भिवंडीला पाठवा. म्हणजे वेंगुर्ल्याला सामान येतं, वेंगुर्ल्यातून परत जात नाही. कोकणात राहणाऱ्याला हे नवीन नाही, पण पाच आकडी रक्कम अडकली की नव्याने झोंबतं.

भांडून शेवटी काय मिळालं, तर पुढच्या खरेदीवर वापरायचं एक कूपन. ते मी वापरणार नाही. बाटली चरफडत कपाटात टाकली.

तोवर घरात जादोर घराण्यातल्या दोन बाटल्या होत्याच. २०२०ची अँफिनिसीम लग्नात भेट आलेली, आणि फ्रान्सिस कुर्कजां या सेंट बनवणाऱ्याची २०२३ची ‘लॉर द जादोर’ मी स्वतः हौसेने घेतलेली. ज्या ओ द परफ्युमसाठी एवढं रामायण झालं ती नंतर नणंदेने मस्कतहून आणली. अशा चार झाल्या. ओ द तॉयलेत, म्हणजे जादोरचाच हलका प्रकार, फक्त गोव्यातल्या मोपा विमानतळावर टेस्टरमधून मनगटावर घेतली; चांगली आहे, हलकी आहे, गाडीपर्यंत येईतो संपली. २०१७ची ‘इन जॉय’ एका मैत्रिणीकडे होती, तिची खासियत म्हणे मिठाचा खारट स्पर्श. १९३०मध्ये मिठाचा सत्याग्रह केलेलं शिरोडं आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. इथे मिठाला पैसे मोजायचे म्हणजे जरा जास्तच.

नोट्स (कुठकुठले वास घातलेत), पिरॅमिड (ते कुठल्या क्रमाने लागतात), कोण किती टक्के तेल घालतं, हे सगळं वाचणाऱ्यांना पाठ असतं. मी मला जे महत्त्वाचं वाटतं त्यावर बोलते: घामोळं.

हसू नका. एप्रिलच्या मध्यापासून मिरग लागेपर्यंत माझ्या मानेवर, केसांच्या खालच्या रेघेपासून ब्लाउजच्या काठापर्यंत, बारीक लाल पुरळ असतं. पतसंस्थेत काउंटरला बसते, डोक्यावर पंखा आहे पण काचेच्या आत वारा येत नाही. अशा मानेवर कुठलाही अल्कोहोलवाला सेंट मारला की पहिलं मिनिटभर तोंडातून शब्द निघत नाही. लॉर मारला तेव्हा समोरचे काका पासबुक पुढे करून उभे आणि मी डोळे मिटून बसलेली. घामोळ्यावर सेंट मारू नये हे मलाही कळतं, पण मान काढून ठेवता येत नाही, आणि मनगटावर मारला तर नोटा मोजताना, हात धुताना निघून जातो. कपड्यावर मारावा तर रेशमाला डाग पडायची धास्ती.

मे महिन्यात एकदा वैतागून कपाटातली ती नको असलेली दुधट बाटली काढली. मानेवर मारली. काही झालं नाही. म्हणजे खरंच काही झालं नाही: ना चुरचुर, ना आग, नुसतं गार पाणी शिंपडल्यासारखं. वास वर आला तोही अंगावर न येणारा. मॅग्नोलिया, मोगरा, नेरोली (कडू संत्र्याच्या फुलांचं तेल) असा याचा मेळ. मॅग्नोलिया आणि आपला सोनचाफा एकाच वंशातले, त्यामुळे असेल, पण मला पहिल्यांदा जादोरमध्ये दारातलं झाड आठवलं. गंमत अशी की १९९९च्या मूळ जादोरच्या वर्णनात चाफ्याचं फूल नावानिशी होतं. कालिस बेकरबाईंनी ते बांधलं तेव्हा चाफा, आयव्हीची पानं, गुलाब, प्लम असं सगळं सांगितलं जायचं. मी ती बाटली नाकाशी धरून चाफा शोधला आहे. मला फळंच लागतात, चाफा लागत नाही. ज्याने आयुष्यात ओंजळीत सोनचाफा धरला नाही त्याला कदाचित लागत असेल.

तर मे महिन्याचा निकाल एकतर्फी. अल्कोहोल उन्हाच्या तडाख्यात भसकन उडतं आणि सोबत सगळा वास एकदम वर घेऊन जातं. म्हणून ओ द परफ्युम स्कूटरवरून उतरेपर्यंत आरडाओरडा करते आणि अकरा वाजता दमलेली असते. पाण्यातली ती सावकाश सुटते. एकच कटकट: सुकायला वेळ लागतो. मुळात इथली हवा पाण्याने भरलेली, त्यात पाणी सुकणार कसं? दोन मिनिटं पंख्याखाली मान वाकवून उभं राहायचं, मग पदर घ्यायचा. घरच्यांना वाटतं बाई नमस्कार करतेय.

इथपर्यंत माझं मत असं होतं की कोकणात राहणाऱ्या बाईने बाकी सगळं सोडून परफ्युम दो घ्यावी. जुलै आला आणि ते मत थोडं मोडलं. पावसाळ्यात तिचं काहीच चालत नाही. अंगावर ओलसर बसते, वर उठतच नाही. ओल्या रेनकोटचा वास, भिंतीच्या ओलीचा वास आणि बसमध्ये शेजारच्या टोपलीतल्या सुकटीचा वास, यांच्यात एवढ्या नाजूक गोष्टीचा निभाव लागणार नाही. तिथे ओ द परफ्युम कामाला आली. घामोळंही तोवर गेलेलं असतं. पिकलेल्या फळाची ती गोडी, मागून फुलं. यलँग-यलँग हे त्यातलं एक, आणि ते झाड आपल्या हिरव्या चाफ्याचं आणि सीताफळाचं भाऊबंद. पावसाळी हवेत ती छान गोल येते. तेव्हा मे महिन्यात मी तिला दिलेल्या शिव्या निम्म्या मागे घेते.

अँफिनिसीमबद्दल थोडक्यात. तिच्यात निशिगंध पुढे केलाय. ज्या देशात निशिगंध वाफ्यात बघायला मिळतो तिथे तो रोमँटिक असेल. आमच्याकडे तो लग्नाच्या हॉलमध्ये आणि तिरडीवर. शिवाय निशिगंध आणि चमेली दोन्हींत इंडोल नावाचं द्रव्य असतं, थोडं असलं की फूल जिवंत वाटतं, उकाड्यात जास्त जाणवलं की मला डांबराच्या गोळ्यांची पेटी आठवते. भाचीला दिली. तिला प्रचंड आवडते, ती पुण्यात एसीत बसते.

आता लॉर. हिच्यावर मी सर्वांत जास्त पैसे घालवले आणि सर्वांत कमी वापरली, तरी पहिला नंबर हिचाच, आणि याला कारण निव्वळ हिशेब. कुर्कजां २०२१मध्ये डिओरच्या परफ्युमचे प्रमुख झाले आणि दोन वर्षांनी त्यांनी हे काढलं. आधीच्या जादोरमधलं बरंचसं काढून टाकून फुलांचा गाभा तेवढा दाट केलाय. (कुर्कजांच्या आधी तिथे असलेल्या दुमाशींची २०१०ची ‘जादोर लॉर’ वेगळी बरं का. ऑनलाइन घेताना दोन्ही नावं नीट वाचा, नाहीतर माझ्यासारखं भिवंडीला पार्सल पाठवायची पाळी.) एका फवाऱ्यात साधारण ०.१ मिली जातं असं धरलं तर ५० मिलीत ५०० फवारे. परफ्युम दोचे मला सकाळी चार-पाच लागतात आणि दुपारी जेवल्यावर पुन्हा दोन. लॉरचा एक पुरतो, आणि तो रात्री उशीच्या अभ्र्यावर सापडतो. महाग बाटली स्वस्त पडते ती अशी. नवऱ्याला हे गणित मी कागदावर करून दाखवलं. तो म्हणाला, एकही नाही मारला तर अजून स्वस्त.

लॉर उन्हाळ्यात मात्र हद्दपार. सुकट आणि लॉर एका बसमध्ये, हा अनुभव कोणालाही येऊ नये. ती बाहेर काढायची मार्गशीर्षात, सकाळी धुकं असतं, स्वेटर नाही पण शाल लागते तेव्हा. सुरुवातीचा धारदार भाग ओसरला की खाली मधासारखं काहीतरी दाट उरतं. सासूबाई देवळातून येताना माझ्या बाजूने गेल्या आणि थांबून म्हणाल्या, “अगो, आता सुरंगीचो वळेसार खंय गावलो तुका?” (वळेसार म्हणजे गजरा.) सुरंगी फुलते फेब्रुवारी ते एप्रिल, आरवली-आसोलीकडे झाडावर चढून कळे काढतात, सुकले तरी त्यांचा वास जात नाही. त्यांना लॉरमध्ये सुरंगी लागली. सांगितलं की बाटलीतलं आहे, तर किंमत विचारली. मी निम्मी सांगितली, तरी त्या ओटीवर जाऊन बसल्या.

बाटलीबद्दल सगळे लिहितात म्हणून एक ओळ: गळ्यातले सोनेरी वेढे मसाई बायकांच्या गळ्यातल्या दागिन्यांवरून घेतलेत, आकार एर्वे व्हान देर स्ट्राटेन या डिझायनरचा. दिसायला सुंदर, पण खारी हवा खिडकीतून येते तिथे कुठलीही धातूची वस्तू उघडी ठेवू नये. मी खोक्यात ठेवते. पावसाळ्यात खोक्यालाच बुरशी धरली, म्हणून आता खोकं प्लास्टिकच्या डब्यात, डबा चिऱ्याच्या भिंतीतल्या फडताळात, बाथरूमपासून लांब.

पुढची खरेदी ठरलेली आहे. ओ द परफ्युम पुन्हा घेणार नाही, आहे ती दोन पावसाळे पुरेल. नणंदेला लॉर सांगितलीय, सगळ्यांत छोटी. आणि परफ्युम दो फेब्रुवारीच्या आत मागवणार, दुसऱ्या दुकानातून. एकदा ऊन तापलं की पार्सल ट्रकमध्ये आणि मग पत्र्याच्या गोदामात भाजून निघतं, आणि उष्णतेने सेंट बिघडतो. शिवाय पिकअपची सोय आहे का, हे आधी फोन करून विचारणार. नाही म्हणाले तर मोपा आहेच.