फियाटचं मागचं बेअरिंग 'बदललं' म्हणणाऱ्यांपासून सांभाळा

जुनी फियाट म्हणजे प्रीमियर पद्मिनी अजून जपून ठेवलेली मंडळी आहेत ना, त्यांच्यासाठी लिहितोय. मागच्या बेअरिंगच्या नावाखाली पुण्यातल्या एका गॅरेजवाल्याने मला व्यवस्थित गंडवलंय, आणि माणूस इतका गोड बोलतो की अजून चार जण तरी सापडणार त्याच्या तावडीत.

गाडी ८९ची, हँडल गिअरवाली. चाळीसच्या पुढे गेलं की मागून घूंऽऽ असा आवाज यायचा. डिफरन्शियलचा, म्हणजे मागच्या दोन्ही चाकांना फिरवणाऱ्या गिअरांच्या डब्याचा आवाज असता तर अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर बदलला असता, हा बदलत नव्हता, उजवीकडे वळताना मात्र वाढायचा, म्हणजे डाव्या चाकावर लोड आला की ओरडायचं. गॅरेजवाला म्हणाला, "सर, एक गेलंय तर दुसरंपण जाणार, दोन्ही टाकून घ्या, एसकेएफचे ओरिजिनल टाकतो." यात चुकीचं काहीच नव्हतं म्हणून हो म्हटलं. बिल सात हजार चारशे, साध्या पॅडवर हाताने लिहिलेलं, जीएसटी नंबर नाही काही नाही, नुसतं बेरिंग २, कॉलर २, सील २, लेबर. जुने पार्ट मागितले तर पेपरात गुंडाळलेली दोन काळीकुट्ट बेअरिंग लगेच हातात दिली.

आवाज काही थांबेना. फोन केला तर म्हणे, "अहो सर नवीन बेरिंग आहे, सेट व्हायला टाइम लागतो, पाचशे किलोमीटर बिनधास्त चालवा." हे साफ खोटं आहे हां, चांगलं बेअरिंग बसवल्या क्षणापासून गप्प फिरतं. त्यात डाव्या टायरच्या आतल्या बाजूला गिअर ऑइलचे ओघळ दिसायला लागले, म्हणजे सील पण गेलेलं आणि ऑइल ब्रेक शूवर, मग मात्र गाडी सरळ नाना पेठेजवळच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे नेली. सगळे त्यांना चाचा म्हणतात, आधी मुंबईत टॅक्सीच्याच फियाट करायचे.

आता यातली मेख समजून घ्या. मारुती ८०० ला मागची बेअरिंग ड्रममध्ये असतात, नट काढला की ड्रमसकट हातात येतात. फियाटचं तसं नाही. बेअरिंग अ‍ॅक्सल शाफ्टवर, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्यावर प्रेसने दाबलेलं असतं आणि ते सरकू नये म्हणून वर लोखंडी कॉलर, म्हणजे जाड कडी, गरम करून बसवतात. चाक अख्ख्या शाफ्टसकट बाहेर येत नाही ते या कॉलरच्या जिवावर. बेअरिंग बदलायचं तर ही कॉलर फोडावीच लागते आणि नवीनच टाकावी लागते.

चाचांनी डावा शाफ्ट ओढला, चिंधीने पुसला आणि मला जवळ बोलावलं. कॉलर जुनीच, तपकिरी पडलेली, बेअरिंगला घट्ट चिकटलेली, छिन्नीची एक खूण नाही. "साहब, इसको तो किसीने हाथ भी नहीं लगाया." वरून नुसतं ग्रीस थापलेलं. मग ती पेपरातली 'माझी जुनी' बेअरिंग काढली आणि त्यातलं एक शाफ्टवर घालून बघितलं तर ते बांगडीसारखं खुळखुळायला लागलं, कुठल्या टेम्पोची होती देव जाणे!

उजवी बाजू त्याहून भयंकर. तिकडचं बेअरिंग खरंच बदललेलं, पण वरचा नंबर फिकट, वेडावाकडा छापलेला, बॉक्स तर मला दाखवलाच नव्हता. कॉलर न फोडता काढून जुनीच परत घातलेली, ती सैल झाली म्हणून शाफ्टला वेल्डिंगचे तीन टाके मारलेले. वेल्डिंगच्या उष्णतेने शाफ्टचा टेम्पर, म्हणजे पोलादाचा कणखरपणा जातो, आणि टाके सुटले तर एक्सप्रेसवेवर चाक गाडीच्या पुढे पळणार. बाबा याच गाडीतून एकटे साताऱ्याला जातात हो.

मुंबईतल्या फियाट टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये संपल्या, कुर्ल्याचा कारखाना तर कधीचाच बंद, त्यामुळे हे काम येणारे मिस्त्री आणि पार्ट दोन्ही कमी झालेत आणि असल्या लोकांचं फावलंय. तुमचं काम निघालं तर बेअरिंग स्वतः आणा, एसकेएफचं असेल तर त्यांच्या ऑथेंटिकेट अ‍ॅपवरून फोटो पाठवा, खरं की डुप्लिकेट ते सांगतात. प्रेसवर बसवताना समोर उभे राहा, आणि फुटलेली कॉलर मागून घ्या. तीच द्यायला का कू करत असेल तर समजून जा.

गॅरेजवाल्याला शाफ्टचे फोटो पाठवले तर आधी "पोराने केलं असेल", मग फोनच उचलेना. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकलीय, पाच लाखांपर्यंतच्या कामाला ग्राहक आयोगात फी पण नाही, तेव्हा गरज पडली तर तिकडेही जाणार. डावी बाजू चाचांनी नवीन बेअरिंग, कॉलर, सील टाकून करून दिली, एकदम गप्प झालीय. उजवीकडचा वेल्डिंगवाला शाफ्ट मात्र परत घालायचा नाही म्हणालेत, त्यामुळे गाडी सध्या त्यांच्याकडेच ठोकळ्यावर आहे. कुणाकडे उजव्या बाजूचा बरा शाफ्ट पडून असेल तर सांगा, रीतसर पैसे देऊन घेईन.