एन्झाइमच्या नावाखाली सिलिकॉन: पीसी सुताच्या व्यवहारात झालेली फसवणूक

इचलकरंजीत ‘बायोपॉलिश’ केलेले, म्हणजे एन्झाइमने लव काढलेले, पीसी (पॉलिस्टर-कापूस मिश्रणाचे) सूत जादा दराने विकणाऱ्या दलालांकडून माल घेण्याआधी यंत्रमागधारकांनी हे वाचावे. मी शर्टिंगसाठी निम्मे पॉलिस्टर व निम्मा कापूस असे सांगितलेले ३० काउंटचे (काउंट म्हणजे सुताच्या बारीकपणाचे माप) २,००० किलो सूत घेतले आणि एन्झाइम प्रक्रियेपोटी किलोमागे २६ रुपये, म्हणजे ५२,००० रुपये जादा मोजले. कापड धुताच त्यावर गोळे आले आणि व्यापाऱ्याने बिलातून १,१८,४०० रुपये कापले. प्रयोगशाळेच्या तपासणीत सुतावर सिलिकॉनचा लेप आणि पॉलिस्टरचे प्रमाण ६६ टक्के निघाले.

सर्वाधिक संताप येतो तो दलालाने दिलेल्या तपासणी पत्रकाचा. त्यावर ‘वजनातील घट शून्य, ताकदीत वाढ’ असे छापले होते. सेल्युलेज एन्झाइम कापसातील सेल्युलोजच खाते, पॉलिस्टरला हात लावत नाही. बाहेर डोकावणारे कापसाचे तंतू झडतात म्हणून लव कमी होते, पण त्यापायी वजन काही टक्के घटते आणि ताकदही थोडी उतरते. वजन घटलेच नाही, तर एन्झाइमने काम तरी काय केले? हा प्रश्न मी त्याच वेळी विचारला होता. ‘एन्झाइम परदेशी आहे, ते सूत राखते’ असे उत्तर मिळाले, आणि पत्रकावर प्रयोगशाळेचा शिक्का असल्याने माझ्या जागी कोणीही विश्वासच ठेवला असता. सुताच्या कोनावर, म्हणजे शंकूच्या आकाराच्या गुंडाळीवर, पाण्याचा थेंब सोडून पाहा: सिलिकॉनचा दाट लेप असेल तर थेंब आत न मुरता तसाच गोल उभा राहतो.

पोलीस ठाण्यात ‘ही दिवाणी बाब आहे’ म्हणून तक्रार घेतली नाही. ग्राहक आयोगाकडे जावे, तर व्यापारासाठी माल घेणारा कायद्याने सहसा ग्राहकच ठरत नाही. लघुउद्योगांसाठीच्या ‘समाधान’ पोर्टलवर थकलेले पैसे मागणाऱ्या विक्रेत्याला दाद मिळते, फसलेल्या खरेदीदाराला नाही. लहान उद्योजकांसाठी योजनांच्या घोषणा करणाऱ्या यंत्रणेत, खोटे पत्रक हातात घेऊन आलेल्या माणसाचे म्हणणे ऐकून घेणारे एकही टेबल नसावे, हे संतापजनक आहे.

मिश्रणाचे प्रमाण स्वतः तपासून घ्या. ७० टक्के गंधकाम्लात (सल्फ्युरिक अ‍ॅसिडमध्ये) कापूस विरघळतो आणि पॉलिस्टर उरते. बिलावर ‘एन्झाइम प्रक्रिया केलेले’ हे शब्द लिहून घेतल्याशिवाय एक रुपयाही जादा देऊ नका. प्रक्रियेआधीचा आणि नंतरचा कोन दोघांच्या सह्यांनिशी सीलबंद ठेवा, कारण तक्रार नाकारण्याआधी पोलिसांनी माझ्याकडे प्रथम तोच पुरावा मागितला.