आठ महिन्यांनंतर घरचा नॅस: ११ एमबीचं कोडं आणि मागचा दिवा

दिवाळीत घेतला तेव्हा याला पाच तारे दिले होते. जूनमध्ये रागाच्या भरात दोनवर आणले. ते का, आणि आता परत का चढवतोय, तेवढंच लिहितो. दोन डिस्कांचा साधा नॅस, म्हणजे घरच्या नेटवर्कवर फायली साठवायचा डबा, ४-४ टीबी मिरर करून (दोन्हींवर तीच प्रत). बाकी स्पेक्स सगळ्यांना माहीत आहेत.

गोव्यात, पेडण्यात आमच्याकडे हिवाळाभर जत्रा आणि दशावतारी काले, म्हणजे रात्रभराची नाटकं. मी हौसेनं कॅमेरा लावतो. एका रात्रीत ६४ जीबीचं कार्ड भरतं. उन्हाळ्यापर्यंत असं कार्ड दहा मिनिटांत नॅसवर रिकामं व्हायचं. मृग लागला, राहिलेली कार्डं काढून बसलो, तर तेच काम दीड तासावर गेलं.

हेल्पलाइनला तीन फोन केले. पहिला म्हणाला फर्मवेअर टाका, दुसरा म्हणाला रीसेट मारा. तिसरा म्हणाला, "सर, डिस्क स्लो आहेत, आमच्या यादीतल्या घ्या." आणखी दोन डिस्क! पैसे काय माडाला लागतात? त्याच्याशी वाजलं ते वाजलंच, आणि त्या रात्री दोन तारे टाकून झोपलो.

डोक्यात बसला तो आकडा. सेकंदाला ११.२ एमबी. कॉपीच्या खिडकीतली रेघ पट्टी लावून मारल्यासारखी सरळ. लॅपटॉप बदला, नॅसवर टाका, नॅसवरून काढा, ११ च्या आसपासच. डिस्क दमली असती तर रेघ वरखाली झाली असती. केबलवरची जोडणी (लिंक) १०० एमबिटची असेल तर आठ बिटांचा एक बाइट, म्हणून १०० भागिले ८ म्हणजे १२.५ एमबी, त्यातून वाटखर्च वजा केला की उरतात ते हेच ११. गिगाबिटवर, म्हणजे दहापट वेगाच्या लिंकवर, ११० च्या पुढे मिळायला हवेत.

नॅस आतल्या खोलीत, राउटर हॉलमध्ये, मध्ये घर बांधताना भिंतीतून घातलेली केबल. वायरिंगवाल्याला विचारलं तर म्हणाला, "वायर बरी आहे हो, नेट चालतंय ना?" चालणारच. माझा नेटचा प्लॅनच ५० एमबिटचा. १०० एमबिटला आठातल्या चारच तारा लागतात, १, २, ३ आणि ६. गिगाबिटला आठही लागतात, उरलेल्या चारांतली एक मेली की लिंक गुपचूप १०० वर उतरते. कुठे तक्रार नाही, मेसेज नाही.

शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला गेलो होतो, येताना स्वस्तातला केबल टेस्टर आणि केबलच्या टोकाला लावायचे मूठभर कनेक्टर आणले. टेस्टरवर दिवे धावले: एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, मग अंधार, मग आठ. हॉलमधलं टोक कापून उजेडात धरलं तर सातव्या पिनेवर हिरवट थर, आंबट ताक ठेवलेलं पितळेचं भांडं कळकतं तसा. ती भिंत पश्चिमेची, पावसात ओल धरते, वर खारा वारा. नवीन कनेक्टर क्रिंप केला, म्हणजे दाबून बसवला (पहिला वाया गेला, तारांचा क्रम चुकला) आणि कार्ड दहा मिनिटांच्या आत गेलं. म्हणजे नॅस निर्दोष, तारे परत.

चार दिवसांनी: एवढं लिहून ठेवलं होतं, पण अर्धंच खरं निघालं. वहिनीचे फोटो टाकायला घेतले, चाळीसेक हजार छोट्या फायली, आणि वेग पुन्हा ५-६ वर. यावेळी मात्र रेघ उड्या मारत होती. तार शाबूत, टेस्टरवर आठही दिवे. हा वेगळा रोग. प्रत्येक फाईल उघडा, लिहा, बंद करा, हे फेरे नेटवर्कवरून होतात, त्यातच वेळ जातो. फोटोंची एकच मोठी झिप करून पाठवली आणि नॅसवरच उघडली. जेवण होईपर्यंत काम आटोपलं.

तरी पाचवा तारा देत नाही. कारण तो दिवा. या डब्याच्या लॅन पोर्टला, म्हणजे केबल खुपसतो तिथे, दिवा आहे, गिगाबिटला हिरवा, १०० ला नारिंगी. सगळं उत्तर वेग पडला त्या दिवसापासून तिथे जळत होतं, पण पाठीमागे, भिंतीकडे तोंड करून! पुढच्या बाजूला चार निळे दिवे नुसते शोभेला लुकलुकतात. एक पुढे आणायला काय जात होतं?

सध्या डब्यामागे आईचा जुना हातआरसा टेकवून ठेवलाय. सकाळी चहा घेऊन जाताना वाकून बघतो. आज हिरवा होता.