बी.एस्सी. केमिस्ट्री की केमिकल इंजिनिअरिंग?

बारावीला केमिस्ट्रीत चांगले मार्क पडले की घरातून सूर निघतो, "मग केमिकल इंजिनिअरिंगच घे की." सल्ला वाईट नाही, पण त्यामागचं गृहीतक चुकीचं आहे. केमिकलच्या चार वर्षांत केमिस्ट्री थोडी. गणित, थर्मोडायनॅमिक्स, फ्लुइड मेकॅनिक्स, हीट ट्रान्सफर यांचाच भरणा. ऑरगॅनिकच्या मेकॅनिझममध्ये रमणारी मुलं तिथे वैतागतात.

दोन्ही कामांतला फरक असा: उष्णता सोडणारी रिॲक्शन पाच लिटरच्या फ्लास्कमध्ये केली, तर बर्फाच्या टबात ती आटोक्यात राहते. तीच पाच हजार लिटरच्या रिॲक्टरमध्ये घेतली की आकारमान हजारपट होतं, पण उष्णता बाहेर पडायला मिळणारा पृष्ठभाग साधारण शंभरपटच. रिॲक्टरभोवतीच्या जॅकेटमधलं थंड पाणी पुरं पडलं नाही तर तापमान चढतं, त्याने वेग वाढतो, त्यातून आणखी उष्णता. रेणू कसा बनवायचा आणि तो किती शुद्ध झाला, हे केमिस्टने पाहायचं. तोच माल टनावारी, स्फोट न होता कसा काढायचा, हे इंजिनिअरने. यातलं कुठलं कोडं आवडतं ते आधी ठरवा, पगाराचं नंतर.

खर्चाच्या बाबतीत बी.एस्सी. सरळ पुढे. अनुदानित कॉलेजची फी खासगी इंजिनिअरिंगच्या मानाने किरकोळ. पण नुसत्या बी.एस्सी.वर काय मिळतं? तारापूर, महाड, लोटे, कुरकुंभ या केमिकल कारखान्यांच्या पट्ट्यांत बहुधा क्यूसी (मालाची गुणवत्ता तपासणी) किंवा प्रॉडक्शनमधली केमिस्टची नोकरी, तीही शिफ्टमध्ये. क्यूसीत सॅम्पल तोलायचं, टायट्रेशन करायचं, एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) लावायचा, रीडिंग तिथल्या तिथे रजिस्टरमध्ये लिहायचं. आकडा चुकला तर व्हाइटनर चालत नाही. एक रेघ मारून शेजारी सही-तारीख. सुरुवातीचा पगार सहसा इंजिनिअरपेक्षा कमी. औषध कंपनीत ठरावीक अनुभवानंतर एफडीएची (अन्न व औषध प्रशासनाची) मान्यता घेता येते आणि 'अप्रूव्हड केमिस्ट' म्हणून भाव वाढतो, पण तिथवर दम धरावा लागतो.

म्हणून माझ्या मते बी.एस्सी. घ्यायची तर एम.एस्सी. धरूनच. अन्न सुरक्षा अधिकाऱ्याच्या पदालाही केमिस्ट्रीतून जायचं तर पदव्युत्तर पदवी लागते. 'जॅम' ही प्रवेश परीक्षा दिली तर आयआयटीत एम.एस्सी. करता येते. ऑरगॅनिक केलं की आर अँड डी (संशोधन विभाग), ॲनालिटिकल केलं की टेस्टिंग लॅब, अशी ढोबळ विभागणी आहे. पुढे नेट ही परीक्षा देऊन जेआरएफ (संशोधनासाठीची फेलोशिप) मिळाली, तर 2023 पासून महिना 37,000 रुपये विद्यावेतन आहे आणि पुण्याच्या एनसीएलसारख्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) ठिकाणी पीएच.डी.ची वाट उघडते. मात्र ही वाट लांब आहे. घरात कमावत्या हाताची घाई असेल तर तसं स्पष्ट बोला.

इंजिनिअरिंगला चार वर्षांत पदवी पूर्ण होते; गेट परीक्षेच्या गुणांवरून सरकारी तेल कंपन्यांचीही दारं उघडू शकतात. माटुंग्याच्या आयसीटीत (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी, 1933 ची संस्था, जुने लोक अजून यूडीसीटीच म्हणतात) नंबर लागत असेल आणि गणिताशी वैर नसेल, तर फार विचार करू नका. खरी अडचण त्याखालच्या कॉलेजांची. प्लेसमेंटला कुत्रं विचारत नाही अशा ठिकाणी लाखांची फी भरून केमिकल करण्यापेक्षा चांगल्या लॅबचं बी.एस्सी. मी कधीही पसंत करेन. बारावीला गणित असेल तर बी.एस्सी.नंतरही इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो, हे फार जणांच्या गावी नसतं.

कॉलेज निवडताना प्रॉस्पेक्टसवर जाऊ नका. तिसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठा आणि विचारा, उपकरणांना हात लावायला मिळतो का, की सर लांबून दाखवतात आणि रीडिंग फळ्यावर लिहून देतात.