शनीचा फोटो बघून दुर्बीण घेतली

ऑगस्ट २०२५, गणपतीच्या आधीची गोष्ट. जुनी दुर्बीण विकायची जाहिरात फोनवर दिसली. आरसा १२७ मिमी, फोकल लेंथ (आरशापासून प्रतिमा जिथं जमते तिथपर्यंतचं अंतर) १००० मिमी, किंमत १४,५०० रुपये. सोबत शनीचा फोटो. कडी ऐसपैस फाकलेली, मधली कॅसिनीची फट, म्हणजे दोन मोठ्या कड्यांमधलं अंतर, काळ्या दोऱ्यासारखी स्वच्छ. "दादा, गेल्याच महिन्यात टिपलाय, याच दुर्बिणीतून," फोनवरचा माणूस म्हणाला. लेकीला शनी दाखवायचा आणि त्याचा फोटो काढायचा शब्द दिला होता, म्हणून यूपीआयनं पैसे टाकले. सगळे, आगाऊ. बायको नको म्हणत होती, तेही कबूल करतो.

पार्सल आलं, पण साताऱ्याचा पाऊस हटेना. कोजागरीला कुठं ढगांत फटी पडल्या. शनी चंद्राच्या जवळच होता, दुधाचे पेले हातात होते. लेकीनं डोळा लावला आणि म्हणाली, "बाबा, कडी कुठायत?" मी पाहिलं तर एक लिबलिबीत गोळा आणि त्यातून आरपार गेलेली काडी. विकणाऱ्याला फोन लावून भांडलो. तो म्हणे, कॉलिमेशन, म्हणजे आरशांची जुळणी, हललं असेल. तिसऱ्या दिवशी त्यानं मला ब्लॉक केलं.

साताऱ्यातल्या गोडोलीत ओळखीचे एक काका आहेत, हातानं आरसे घासणारे. ते आले आणि आधी मलाच हसले. २३ मार्च २०२५ ला पृथ्वी शनीच्या कड्यांच्या पातळीतून गेली. साधारण पंधरा वर्षांनी असं होतं, आणि तेव्हा कडी आपल्याला आडवी, कडेनं दिसतात. ऑक्टोबरातही त्यांचा कल दोन अंशांच्या आतच होता. "म्हणजे काडी दाखवतेय ते खरंच दाखवतेय की तुझी दुर्बीण!" मग मी त्यांना जाहिरातीतला फोटो दाखवला. इतकी उघडी कडी २०१७ च्या आसपासची, कल २७ अंशांजवळ होता तेव्हाची. विकणाऱ्याच्या त्या 'गेल्याच महिन्यात' असा शनी पृथ्वीवरून कुणालाच दिसला नसता.

ज्याबद्दल मी भांडत होतो ते आभाळातलं खरं होतं, आणि ज्याच्यावर भुललो ती थाप होती.

काकांनी मग मोजायची टेप काढली. नळी जेमतेम दीड फूट. साध्या न्यूटनियनची, म्हणजे आरशाच्या साध्या दुर्बिणीची, फोकल लेंथ १००० मिमी असेल तर नळीही मीटरभर लागते. हिच्यात आखूड फोकल लेंथचा गोलाकार आरसा आहे आणि फोकसरच्या, म्हणजे डोळ्याकडचं भिंग बसवतात त्या नळकांड्याच्या, बुडाशी भिंग बसवून आकडा वाढवलाय. याला बर्ड-जोन्स म्हणतात. मूळ रचना वाईट नाही, पण स्वस्तात भिंग आणि आरसा जुळतच नाहीत. अभिजित ताऱ्यावर लावून फोकस आत-बाहेर केला, तर एका बाजूला नीट वर्तुळं, दुसऱ्या बाजूला नुसता कापूस. लिबलिबीतपणा इथून येत होता.

ग्रहाचा फोटो एका क्लिकमध्ये निघत नाही, हेही काकांकडूनच कळलं. दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ घ्यायचा आणि हजारो फ्रेममधल्या चांगल्या तेवढ्या एकावर एक रचायच्या. तो मूळ व्हिडिओ आणि त्याची तारीख मी मागायला हवी होती.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पण उशिरा. पैसे गेल्या गेल्या फोन करायचा असतो, मी कोजागरीपर्यंत दूध आटवत बसलो.

काल तीच जाहिरात पुन्हा दिसली. दुर्बीण वेगळी, किंमत बावीस हजार, शनी मात्र तोच. सातारा-कराडकडं कुणाला दिसली तर पैसे टाकायच्या आधी नळीला टेप लावून फोटो पाठवायला सांगा.