नमुना खरा, पोतं खोटं

माझ्या सात्सुकी अझेलियाचा (अझेलिया या फुलझुडपाची ही एक जपानी जात) शेंडा वाळला. 11 वर्षं सांभाळलेलं बोन्साय आहे ते. कानुमा म्हणून मला जी माती विकली गेली तिच्यात चुनखडीचे दाणे मिसळलेले होते, आणि मी माझ्या हातांनी त्या झाडाची मुळं त्यात बसवली. अझेलियाची कुंडी बदलायला निघालेल्या प्रत्येकाने पिशवी फोडण्याआधी हे वाचावं, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

कानुमाच का, हे नवख्यांसाठी आधी सांगते. अझेलियाला आम्लधर्मी माती लागते. सामू (pH) 5 ते 6 च्या दरम्यान असला की झाड खूश. तिची मुळं केसासारखी बारीक, वरच्या थरातच जाळं विणणारी. चिकट मातीत ती गुदमरतात, रेताड मातीत सुकतात. जपानमध्ये तोचिगी प्रांतात कानुमा नावाचं शहर आहे, त्याच्या आसपास जमिनीखालून हा माल खणून काढतात. 40,000 हून अधिक वर्षांपूर्वी आकागी ज्वालामुखीतून उडालेला हलका, सच्छिद्र दगड तिथे थर होऊन साचला आणि काळाच्या ओघात मऊ पडला. आपण ज्याला आकादामा म्हणतो ती तांबूस माती त्याच भागात याच्या वरच्या थरात मिळते. कानुमा पाणी धरतो, निचराही करतो आणि मुळात आम्लधर्मी असतो. शिवाय सुकला की सायीसारखा फिकट दिसतो, भिजला की गडद पिवळा होतो. झाडाला पाणी कधी हवंय ते कुंडीकडे पाहूनच कळतं.

विक्रेता मला ऑनलाइन सापडला. जाहिरातीत जपानी अक्षरांची छापील पोती होती. मी दहा प्रश्न विचारले, त्याने दहाही उत्तरं नीट दिली. वर म्हणाला, "ताई, आधी नमुना मागवा. तपासा. पटलं तरच मोठी ऑर्डर द्या." असं बोलणाऱ्यावर कोण संशय घेईल?

मूठभर नमुना आला. भिजवला तर रंग बदलला. ओला दाणा चिमटीत दाबला तर लोण्यासारखा पसरला. खरा कानुमा होता, त्याबद्दल मला आजही शंका नाही. मी ऑर्डर दिली आणि पूर्ण पैसे आधीच भरले.

मोठा माल आला तो साध्या पारदर्शक पिशव्यांत. छापील पोतं नाही, दाण्याच्या आकाराचा उल्लेख नाही. विचारल्यावर उत्तर मिळालं, "मोठी पोती फोडून सुटं करतो ना ताई, म्हणून." पिशवी उचलली तर अपेक्षेपेक्षा जड लागली. त्यावर म्हणाला, ओलावा राहिलाय. ओला कानुमा जड होतो हे खरंच आहे, त्यामुळे तेही पटलं. आणखी एक गोष्ट मी तेव्हा लक्षात घ्यायला हवी होती: कानुमा मुळात लिटरवर विकतात आणि हा किलोवर विकत होता. इतका हलका माल वजनावर विकणाऱ्याला त्यात दगड घालण्यात किती फायदा आहे, याचा विचार करा.

वरचे दाणे मी पुन्हा दाबून पाहिले, ते फुटले. पिशवीच्या तळाशी हात घातला नाही.

बहर ओसरला होता. सुकलेली फुलं काढून टाकली आणि झाड कुंडीतून उचललं. मुळांचा गोळा घट्ट विणलेला होता. तळाचा साधारण तिसरा भाग सपाट कापला, कडा काडीने विंचरून मोकळ्या केल्या, मधला जुना गाभा तसाच ठेवला. अझेलियाची सगळी मुळं एकदम उघडी करू नयेत, एवढं पथ्य मी नेहमी पाळते. कुंडीच्या भोकांवर जाळी, तळाला जाड दाणे, वर चाळलेले बारीक दाणे, झाड हलू नये म्हणून तारेने बांधणी, काडीने दाणे मुळांमधल्या पोकळीत बसवणं, वरून चुरलेलं स्फॅग्नम मॉस (एक प्रकारचं वाळवलेलं शेवाळ). चाळताना आवाज खणखणीत येत होता. कानुमा चाळणीत असा वाजत नाही, त्याचा आवाज बोदा असतो. तो फरक मला ऐकू आला होता, तरी मी थांबले नाही. पहिलं पाणी पिवळं उतरलं. खऱ्या कानुमाची भुकटीही पहिल्या पाण्यात उतरते, म्हणून त्यातही काही वावगं वाटलं नाही.

सुरुवातीचे काही आठवडे झाड ठीक होतं. खटकलं ते एवढंच, की कुंडीतल्या मातीचा रंग बदलेना. वरचे दाणे सुकले तरी पिवळेच. पाण्याचा अंदाज चुकू लागला.

दीड महिन्याने नवी पानं पिवळी आली. शिरा हिरव्या आणि मधला भाग फिका. शेतकरी ज्याला केवडा म्हणतात तेच लक्षण. जुनी पानं मात्र हिरवीगार. हा फरक फार महत्त्वाचा आहे. नत्र कमी पडलं तर आधी जुनी पानं पिवळी पडतात, कारण झाड त्यांच्यातलं नत्र काढून नव्या पालवीला देतं. लोह तसं हलत नाही, म्हणून ते कमी पडलं की आधी कोवळी पानं पिवळी होतात. आणि मातीत चुना असला की लोह असूनही मुळांना घेता येत नाही.

विक्रेत्याला फोटो पाठवले. आधी म्हणाला पाणी जास्त झालं. मग म्हणाला तुमचं पाणीच जड, म्हणजे क्षारांचं असेल. पण माझी दुसरी सात्सुकी, जी उशिरा फुलल्यामुळे जुन्या मातीतच राहिली होती, तेच पाणी पिऊन हिरवीगार होती. मग म्हणाला लोह द्या. चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं लोह, फवारलं. फवारलेली पानं थोडी सावरली, पुढची पुन्हा पिवळीच.

तेव्हा उरलेली पिशवी मी ताटात पूर्ण रिकामी केली. वरच्या थरात खरा कानुमा होता. खाली जावं तसे न फुटणारे दाणे वाढत गेले. त्यांना पिवळा लेप होता, घासल्यावर आत पांढरं निघालं. एकावर व्हिनेगर टाकलं तर फसफसलं. व्हिडिओ पाठवला. उत्तर तयार होतं, "ताई, सच्छिद्र दगड आहे, आतली हवा बाहेर येते."

हे उत्तर नीट लक्षात ठेवा, कारण ते अर्धं खरं आहे. कोरडा कानुमा साध्या पाण्यातही बुडबुडे सोडतो. म्हणून मी राखून ठेवलेल्या नमुन्यातले दाणे आणि पिशवीतले दाणे वेगवेगळे रात्रभर पाण्यात भिजवले. सकाळी दोन्ही कुटून पूड केली, प्रत्येकीचा थोडा भाग साध्या पाण्यात आणि थोडा व्हिनेगरमध्ये टाकला. नमुन्याची पूड दोन्हीकडे शांत. पिशवीतली पूड पाण्यात शांत, व्हिनेगरमध्ये मात्र फेस धरून उकळल्यासारखी. कुटायचं अशासाठी, की चुनखडीचे काही प्रकार अख्ख्या दाण्याच्या रूपात फारसे फसफसत नाहीत, पूड केली की लगेच उघडे पडतात. तो व्हिडिओ पाठवल्यावर त्याने मला ब्लॉक केलं. पैसे परत आले नाहीत. छापील पोत्यांचा फोटो त्याच्या जाहिरातीत अजून तसाच आहे.

एकाच हंगामात दोनदा कुंडी बदलणं झाडाला जड जातं, पण त्या खडीत ठेवणं त्याहून वाईट होतं. या वेळी एकही मूळ कापलं नाही. कोमट पाण्यात गोळा धरून दाणे हलक्या हाताने सुटे केले. काही पांढऱ्या मुळ्या दाण्यांना धरून होत्या, त्या दाण्यासकट राहू दिल्या. छापील, शिलाई न उसवलेल्या पोत्यातला कानुमा घेतला. त्याचेही तळातले दाणे काढून भिजवले, कुटले, व्हिनेगरमध्ये टाकून पाहिले. काही निघालं नाही तेव्हाच झाड बसवलं. नंतर सावली दिली आणि खत पूर्ण बंद ठेवलं.

अझेलियाचं बळ बुंध्याकडच्या फांद्यांत असतं, शेंडा दुबळा. त्यामुळे ताण आला तेव्हा आधी शेंडाच गेला. शेंड्याची ती वळणं बसवायला मला पाच वर्षं लागली होती. वाळका भाग कापताना हात थरथरत होता.

आता त्या कापाच्या खाली एक नवी फांदी फुटली आहे. पानं छोटी आहेत, पण शिरांच्या मधला भागही हिरवा आहे. पुढच्या बहराच्या कळ्या या वर्षी सगळ्या खुडून टाकल्या, झाडाची ताकद पालवीला मिळावी म्हणून. ही फांदी थोडी टणक झाली की तिला तार लावून शेंडा करायचा आहे. अझेलियाचं लाकूड चटकन मोडतं, त्यामुळे घाई नाही.